तिसऱ्या मशीनची शिटी

थंडी पडल्यापासून आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात बाबांनी एकच धोशा लावला होता, "तिसरं मशीन शिटी मारतंय." त्या खडखडाटात आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मशीन थांबवलं की शिटीही थांबते, असं बाबाच म्हणायचे. त्यांनी ते पुन्हा पुन्हा उघडून इतकं तेल पाजलं, की गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यांवर डाग पडले. मी भडकले. आई मात्र हळूच म्हणाली, "यांना भास तर होत नाहीत ना गं?" तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी गुपचूप मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई धापा टाकत दारात आली.

"मशीन बंद करू नका हं!" ती कुजबुजली. "तुमच्या मागच्या खिडकीवर एक पक्षी बसलाय. हा दूर उत्तरेचा, वाट चुकून आलाय. मशीन चाललं की त्याला साद घालतो, थांबलं की गप्प."

मी तिसऱ्या मशीनमागच्या खिडकीच्या काचेला कान लावला. बारीक, लांबलचक शिटी! बाहेर लाल गळ्याचा, चिमणीएवढा जीव छाती फुगवून गात होता. आई मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. माझ्याही जिवात जीव आला.

"बाबा, तुमच्यासाठी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. रद्द करते."

बाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"कर. आणि कानाच्या डॉक्टरांची घे. तुम्हा दोघींसाठी."