वाचन अडवलं तो शब्बाथ

झेल्दाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. लिहायचो आणि शेगडीत घालायचो. झेल्दा लांबच्या गिरणीगावातली विधवा. सोमवारी झारच्या सैन्यासाठी मुलं धाडायची होती. चिठ्ठी निघाली पंचप्रमुख आन्शेल यांच्या पुतण्याची, आणि त्याच्या जागी पंचांनी इथे आणून कोंडला झेल्दाचा एकुलता योसेल. तिनं विचारलं होतं, "तुम्ही पोथ्या वाचता. अन्याय झालेल्याला शब्बाथचं वाचन अडवता येतं म्हणतात. बाईलाही येतं का?"

येतं. न्याय होईपर्यंत मग वाचन सुरू होत नाही. पण तसं लिहून देण्याची माझी छाती नव्हती.

तो मोठ्या उपासाआधीचा शब्बाथ, आम्हा यहुद्यांचा प्रार्थनेचा शनिवार होता; सगळे प्रार्थनाघरात जमले होते. देव पुढाऱ्यांकडे जाब मागतो, ते संदेष्ट्याचं वाचन त्या दिवशी आमच्याकडे पंचप्रमुखच करतात. आन्शेल घसा साफ करत होते. पवित्र ग्रंथाची गुंडाळी काढायला कुणी कपाटाशी गेलं, तर दारावर माझा हात.

"वाचन अडवतो," मी म्हणालो.

"काय म्हणतायत?"

"अडवतो म्हणतायत."

"हिर्शकाका? त्यांना शिंकायचीसुद्धा लाज वाटते."

हशा पिकला. गेत्सेल खाटीक ओरडला, "मोठ्यानं बोला काका, तिकडे भट्टीत माझं जेवण करपतंय."

मग मी बोललो. योसेल, पुतण्या, चिठ्ठी, सगळं. हशा विरला.

"फिर्याद त्या बाईची," आन्शेल म्हणाले. "ती कुठाय?"

"तिला हक्क ठाऊक नाही. मला विचारलं होतं. तुम्हाला भिऊन मी कळवलं नाही."

"आता भीत नाही?"

"भितो की. पण दार सोडत नाही."

वरच्या सज्जात बायका बाकं बडवायला लागल्या.

"वाचन होऊ दे, मग बघू," आन्शेल म्हणाले.

"नाही, आधी न्याय," गेत्सेल म्हणाला. "जेवण करपलं तर करपू दे."

"मग माझा पुतण्या जाईल, कळतंय का तुम्हाला?"

सज्जातून एक म्हातारी म्हणाली, "पुतण्यासाठी तुझा जीव तुटतो ना, आन्शेल? त्या आईचा विचार कर."

आन्शेल यांनी पंचांच्या शिपायाला योसेलला सोडायची खूण केली. योसेल डोळे चोळत आत आला, तेव्हा मी दार सोडलं.

वाचताना आन्शेल मध्येच अडखळले. शेजारी उभा राहून पुढचा शब्द मी सांगितला.

रविवारी सकाळी टपालगाडी आली. मी पत्र दिलं: "झेल्दाबाई, हो, बाईलाही येतं. योसेल माझ्याकडे आहे, पोटभर जेवतोय. न्यायला या." गाडीवानानं ते पिशवीत टाकलं आणि घोडे हाकले.