मागचं बोट

मी पाकोळी बोलतेय. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. तरी बोलतेय, कारण जळफळाट काही कापसानं दाबला जात नाही.

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात माझं आयुष्य गेलं. कपाटातल्या पक्ष्यांचे गण, म्हणजे शास्त्रातली घराणी, लावताना जुन्या सरांनी माझे कोयत्यासारखे पंख आणि इवलीशी चोच पाहिली, मला भिंगरीची धाकटी बहीण ठरवलं आणि तिच्याच फांदीवर डिंकानं चिकटवलं.

झालं! ती निळीशार, तांबड्या गळ्याची, ऐटीत बसलेली. मी काळी, उठसूट तोंडावर आपटणारी. मुलं म्हणायची, "भिंगरी बघ किती गोड! आणि ही? हिला धड बसताही येत नाही." माझा नुसता तिळपापड व्हायचा. हिच्या शेपटीला कसर लागो, असं मनातल्या मनात म्हणायचे.

परवा पुन्हा पडले. पीस मोडलं. प्रयोगशाळेतले मामा डिंकाची बाटली आपटत म्हणाले, "बाई, हिला आता कचऱ्यात टाकतो. किती वेळा चिकटवायची?"

माझे काचेचे मणी बाईंकडे लागले.

नव्या बाईंनी मला तळहातावर उताणं केलं आणि भिंग धरलं. "थांबा मामा. पाय बघा हिचे. चारही बोटं पुढे, मागे एकही नाही. फांदी धरणार कशानं?"

"म्हणजे अधू आहे?"

"अधू कसली! हिचा गणच वेगळा. ही भिंतीला नख्यांनी लटकते. पंख सारखे दिसले म्हणून कुणी बहिणी होत नाहीत."

वाचले. आता वेगळ्या खणात, खडबडीत विटेवर लटकते. एकदाही पडले नाही. मुलं कौतुकानं पाय बघतात. खरं तर सुखात असायला हवं.

पण समोर माझ्या जागी बुलबुल आणून बसवलाय. शेंडीवाला, गुबगुबीत, भिंगरीशी काडीचं साम्य नाही. तरी बाई शिकवतात, "पाय बघा. तीन बोटं पुढे, एक मागे. दोघं एकाच गणातले."

इतकी वर्षं जिच्यावर जळले, ती माझी कुणीच नव्हती. आणि हा काल आलेला तिच्या घरचा! बाई, तुमचं शास्त्र खरं असेल. पण एकदा मला तिच्या शेजारी बसवा. पडेन, पडू दे. मामांकडे डिंक आहे.