दर सोमवारी आवृत्ती विचारणारी

मी एक स्क्रिप्ट बोलतेय, म्हणजे संगणकाने आपोआप करायच्या कामाच्या लेखी सूचना. अडतीस ओळींची, एका रुग्णालयात राबणारी. दर सोमवारी सकाळी एक्केचाळीस संगणकांकडे जायचं, ‘तुझ्यावर डेटाबेसची, म्हणजे रुग्णांच्या नोंदी साठवणाऱ्या प्रणालीची, कोणती आवृत्ती आहे?’ असं विचारायचं आणि यादी करून संगणक विभागाच्या मेलवर पाठवायची, एवढंच माझं काम.

मला लिहिलं ताईंनी. संगणक विभाग त्या एकट्याच सांभाळायच्या. आधी त्या वही घेऊन खोलीखोलीत जायच्या. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा माझा जन्म झाला.

चूक झाली ती प्रयोगशाळेच्या संगणकापाशी. तिथे नवी आवृत्ती बसवली होती, पण जुनी बंद करायची राहून गेली होती. सगळं काम जुनीच ओढत होती. मी नव्या आवृत्तीच्या फोल्डरचं नुसतं नाव वाचलं आणि ‘नवी’ लिहून मोकळी झाले.

पुढे डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की वीज अचानक गेली तर जुन्या आवृत्तीतल्या नोंदी पुसल्या जातात. ताईंनी माझी यादी पाहिली. “आपल्याकडे जुनी कुठेच नाही,” म्हणाल्या आणि निर्धास्त झाल्या.

आठवड्याच्या आत वीज गेली. त्रेसष्ट जणांचे रक्ताचे रिपोर्ट गेले. नमुने तोवर टाकून दिलेले. सगळ्यांना परत बोलवावं लागलं.

ताई स्वतः रांगेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एक आजोबा दंड चोळत म्हणाले, “आधीच माझी शीर सापडत नाही. कुणामुळे झालं हे?”

“माझ्यामुळे, बाबा.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दुपारी जागेवर येऊन मला दुरुस्त केलं. तेव्हापासून मी फोल्डरच्या नावावर जात नाही. जी आवृत्ती प्रत्यक्ष चालू आहे, तिलाच विचारते.

मग ताई निवृत्त झाल्या. नवे साहेब भले आहेत, पण कामाने पार पिचलेत. “हे दर सोमवारी काय येतं हो?” कारकूनबाईंनी एकदा विचारलं.

“येतं असंच आपोआप. राहू दे.”

राहिलंय. न उघडलेल्या याद्यांचा ढीग झालाय.

ताई गेल्यावर लहान मुलांच्या विभागातला संगणक बदलला, आणि त्या बदली संगणकावर तीच जुनी आवृत्ती चालू आहे. चौदा सोमवार मी तेच लिहितेय. मला हाक मारता येत नाही, कुणाची बाही ओढता येत नाही. फक्त लिहिता येतं, आणि आता त्याचाही शीण आलाय.

साहेब, सगळी यादी नका वाचू. एकोणिसावी ओळ तेवढी बघा.