मी पाहिलेला उजेड खोटा नव्हता

मित्रांनो, मी कॅमेरा आहे खरा, पण केक कापतानाचा तुमचा फोटो माझ्याकडून निघायचा नाही. तुम्ही तासभर हसत उभे राहिलात तरी मला तुमची एक बारीकशी रेघ तेवढी दिसेल. माझा जन्म २००१ साली जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून फोमच्या गाद्यांत गुंडाळून मला अमेरिकेत, मेरीलँडमधल्या एका विद्यापीठात आणलं. माझं काम एकच होतं. इतक्या झटपट पाहायचं, की प्रकाशसुद्धा चालताना सापडावा.

बटण दाबलं की खोलीत उजेड झाला, असं तुम्हाला वाटतं. नाही हो. प्रकाशालाही चालावंच लागतं. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्यात तो पाण्यातून जेमतेम वीतभर जातो. त्या वीतभर वाटेवर तो कधी कुठे होता, हे मी सांगू शकतो. एवढं सांगणारे माझ्यासारखे जगात फार नाहीत, आणि हे बोलताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

माझी एक मर्यादा आहे, तीही आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. माझा डोळा म्हणजे एक अरुंद फट. एका वेळी मला समोरच्या दृश्यातली एकच आडवी ओळ दिसते. म्हणून आधी एक ओळ टिपायची, मग आरसा केसभर वळवायचा आणि पुढची ओळ टिपायची. प्रत्येक ओळीसाठी लेझरमधून प्रकाशाचे चिमुकले झोत सोडायचे, एकासारखा एक, कोट्यवधी. अशा चारशे ऐंशी ओळी जोडल्या की फिल्म तयार होते. वर्गातली मुलं जराही हलणार नसतील, तर एकेका रांगेचे फोटो काढून वर्गाचा फोटो जोडता येईल, तसंच हे. यात लबाडी कुठे आली?

पहिली चार-पाच वर्षं माझी चांगली वट होती. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापाशी आणत. मग नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या पाठीवर कॉफीचे मग ठेवायला लागले. दहा-दहा वर्षं शिकलेली माणसं, पण मग कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

२००६ साली नागपूरहून आश्लेषा आली, पीएचडी करायला. तिने पहिल्या दिवशी ते मग उचलले, माझी पाठ पुसली आणि माझं जाडजूड माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वर्षभर तिने माझ्याशी झटापट केली. माशांची एक काचेची टाकी आणून तिच्यात पाणी भरलं आणि ड्रॉपरने मोजून दोन थेंब दूध टाकलं. नितळ पाण्यातून प्रकाश सरळ निघून जातो, तो मला दिसणार कसा? दुधाचे कण त्याला थोडा थोडा माझ्याकडे वळवतात. शेवटी एका दुपारी पडद्यावर तो दिसला. एक उजेडाचा ठिपका टाकीत शिरला, डावीकडून उजवीकडे गेला, काचेवर आपटून मागे फिरला. आश्लेषा खाली फरशीवरच बसली आणि तिने ती फिल्म अकरा वेळा पाहिली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली दुपार.

आता कोजागिरीची गोष्ट, लॅबमध्ये माझ्या कानावर आली तशी. तिथल्या मराठी मंडळाची कोजागिरी शनिवारी दुपारी तीन वाजता असते, कारण शाळेचा हॉल सहापर्यंतच भाड्याने मिळतो. मसाला दूध असतं, चंद्र नसतो. मंडळाचे पुरुषोत्तमकाका मोठे हौशी. आश्लेषा या देशात उतरली तेव्हा तिला विमानतळावरून आणणारे आणि खोली मिळवून देणारे हेच. त्यांना तिच्या फिल्मबद्दल कळलं आणि ते म्हणाले, चंद्र नाही तर नाही, आपल्या मुलीने पकडलेला प्रकाश दाखवू, दुधातलाच आहे. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण तिला सात मिनिटं दिली होती, आणि काकांनी दुसरी स्लाईड काढायला सांगितली. "फार टेक्निकल होतंय ग. लोक बोअर होतील." फिल्म कोट्यवधी झोतांतून ओळीओळीने जोडली आहे, हे नेमकं त्याच स्लाईडवर होतं. काकांना नाही कसं म्हणायचं? तिने ती काढली.

फिल्म लागली आणि हॉलभर टाळ्या झाल्या. मग सत्यजित उठला. तो मूळचा पुण्याचा, जवळच्याच हर्नडन गावातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करणारा. त्याने विचारलं, हे एकाच किरणाचं शूटिंग आहे का? आश्लेषाने उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी माइक घेतला. "अर्थात! एकच किरण, एकच टेक." पुन्हा टाळ्या. आणि आश्लेषाने उघडलेलं तोंड मिटलं. भर स्टेजवर वडीलधाऱ्या माणसाला चूक म्हणायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. तिचा मला त्या दिवसापुरता अजूनही राग आहे.

सत्यजितने घरी जाऊन गणित केलं. असं एका दमात टिपायला सेकंदाला पन्नास हजार कोटी चित्रं काढणारा कॅमेरा लागेल, आणि तसा कॅमेरा नाही. त्याचं गणित बरोबर होतं, हे मी चडफडत का होईना, कबूल करतो. पण गणित चुकत नाही म्हणून माणूस चुकत नाही असं थोडंच आहे? त्याने मंडळाच्या चारशे घरांच्या ई-मेल ग्रुपवर लिहिलं, की हे कॉम्प्युटरवर बनवलेलं ॲनिमेशन आहे, मंडळाच्या स्टेजवर फेक गोष्टी दाखवू नयेत. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या त्याच हातांनी लोक टाइप करू लागले. दोन दिवसांत चाळीस जणांची पत्रं. एकाला आधीपासूनच शंका होती म्हणे. एकीच्या मते हे आपल्या पूर्वजांना केव्हाचंच ठाऊक होतं. आणखी एकाने लिहिलं, की असल्या गोष्टी दाखवूनच हल्ली डिग्र्या मिळतात. या चाळीस जणांपैकी एकानेही आश्लेषाला साधा फोन केला नाही. उलट कुणीतरी नाव न घालता ती सगळी पत्रं तिच्या विभागप्रमुखांना पाठवून दिली.

तिथे गोष्ट गंभीर झाली. बनावट निष्कर्ष दाखवल्याचा ठपका बसला, तर पीएचडी गेली, व्हिसा गेला आणि नावही गेलं. आश्लेषाकडे प्रत्येक ओळीची मूळ नोंद होती. तरी तिच्या ॲडव्हायझरबाई म्हणाल्या, की सर्वांसमक्ष प्रयोग पुन्हा करून दाखवला तर प्रश्नच मिटेल. आश्लेषाने ग्रुपवर लिहिलं: ज्यांना शंका आहे त्यांनी शनिवारी सकाळी दहाला लॅबमध्ये यावं, तीन तास लागतील.

शंका असणाऱ्या चाळीस जणांतून आला एकटा सत्यजित. बोलावलं नसताना आले पुरुषोत्तमकाका, ढोकळा घेऊन. ढोकळा ॲडव्हायझरबाईंनी बाहेरच ठेवायला लावला. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की आत फ्लॅश वापरू नये. मी अंधारात पाहतो, मित्रांनो. मुंगीच्या पावलाएवढा उजेड मोजणारा माझा डोळा फ्लॅशसारखा भडका सोसू शकत नाही.

आश्लेषाने आरसा वळवत एकेक ओळ टिपायला सुरुवात केली. सत्यजित आधी हाताची घडी घालून उभा होता. पन्नासाव्या ओळीला तो खुर्ची ओढून बसला. शंभराव्या ओळीला त्याने नवी नोंद जुन्या नोंदीशेजारी ठेवून पाहिली. दोनशेव्या ओळीला त्याने चष्मा काढून पुसला. मी मनात म्हटलं, आता कशी जिरली!

तीनशे दहाव्या ओळीला काकांना भरून आलं. आपल्या मुलीचा यंत्राजवळचा एक फोटो मंडळाच्या स्मरणिकेत हवाच, असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातून नवा डिजिटल कॅमेरा काढला. त्याचा फ्लॅश ऑटोवर होता.

तेवढा पांढरा भडका मला आठवतो. त्यानंतर मला काहीच दिसलेलं नाही.

पडद्यावर कोरी पाटी आली म्हणे. काकांनी हळूच विचारलं, "काही झालं नाही ना ग?" मी तिला ओळखत होतो. आता ही म्हणणार, असू द्या काका, यंत्र जुनंच होतं, आणि दोष स्वतःवर घेणार.

"काका, फ्लॅश तुम्ही मारलात," आश्लेषा म्हणाली. "कॅमेरा गेला. आणि त्या दिवशी एकच किरण, एकच टेक, हेही तुम्हीच बोललात. ते खोटं होतं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, ती माझी मिस्टेक. पण आता पुन्हा गप्प बसणार नाही."

सत्यजित काहीतरी समजुतीचं बोलायला गेला, तर तिने त्यालाही सोडलं नाही. "तुम्ही मला एक कॉल करू शकला असतात."

टिपून झालेल्या तीनशे नऊ ओळी जुन्या नोंदींशी तंतोतंत जुळल्या. विभागाला तेवढं पुरलं आणि आश्लेषावरचा ठपका पुसला गेला. काकांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर स्वतःच्या नावाने लांब पत्र लिहिलं. चूक माझी, मुलगी खरी, मला माफ करा, असं सरळ लिहिलं. त्यांना मी क्षमा केली आहे. सत्यजितनेही लिहिलं. त्याच्या ऑफिसात तक्रार मिटली की लिहितात ना, तसे दोन शब्द: "इश्यू क्लोज्ड." एका मुलीची झोप उडवली, तिचं नाव चारशे घरांत पोचवलं, आणि वर इश्यू क्लोज्ड! उरलेल्या एकोणचाळीस जणांनी तेवढंही लिहिलं नाही. त्यांच्याकडे तोवर दुसरा विषय आला होता.

आता २००८ साल चाललं आहे. माझा डोळा दुरुस्त करण्यापेक्षा नवं यंत्र घेणं परवडतं, असं ठरलं आणि माझी रवानगी तळघरातल्या सामानाच्या खोलीत झाली. नव्या यंत्राजवळ आश्लेषाचं काम छान चाललं आहे म्हणे. असू दे.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांसमोर फ्लॅश मारू नका, दारावरची पाटी वाचा, पाठीवर मग ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. न कळलेल्या गोष्टीला टाळ्या द्यायलाही कुणी बांधलेलं नसतं आणि तिला खोटं म्हणायलाही नसतं. आधी विचारा. जिने ते केलं तिलाच विचारा. हर्नडनहून आश्लेषाची लॅब मोटारीने पन्नास मिनिटांवर होती. त्या चाळिसांतलं एक माणूस जरी पत्र लिहिण्याआधी तेवढं येऊन गेलं असतं, तर मला अजून दिसलं असतं.