झल्मनची उरलेली वाचक

"तिच्यासमोर मी वाचणार नाही," झल्मन म्हणाला. "मरेपर्यंत नाही."

"अहो, ती कालपासून जेवली नाहीये," शुभदा म्हणाली. "आजाराने तिचं इंग्लिश पार पुसलं गेलंय. आम्ही काय बोलतो तेच तिला कळत नाही, घाबरून तोंड मिटून घेते. इथे यिडिश येणारे तुम्ही एकटेच."

"मग उपाशी राहू दे."

शुभदा वेरिबी उपनगरातून मेलबर्नच्या या वृद्धाश्रमात शिफ्टला यायची. झल्मन पोरवयात पोलंडहून आलेला. जन्मभर कारखान्यात कोट शिवले आणि घरी येऊन यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या घरच्या भाषेत, कथा लिहिल्या. पाच पुस्तकं, सगळी पदरमोड करून छापलेली. एके काळी त्याच्या वाचनाला हॉल भरायचा. पुढे वाचणारे एकेक करून गेले, त्यांची मुलं इंग्रजीची झाली. उरली ती नेमकी ब्रोखा. समाजाच्या साप्ताहिकात तिने त्याच्या पाचही पुस्तकांची सालटी काढली होती, एकाला तर सरळ अळणी म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता आणि म्हातारपणाने त्यांना आणून टाकलं ते एकाच कॉरिडॉरमध्ये.

शुभदाला त्याचा संताप आला. बाई उपाशी आहे आणि हा मानापमान कुरवाळत बसलाय.

"ठीक आहे. नो वरीज," म्हणत तिने ट्रॉली ढकलली.

ती ब्रोखाला सूप पाजायची खटपट करत होती, तेवढ्यात दारात वॉकर वाजला. वॉकरच्या बास्केटमध्ये एक पुस्तक होतं. झल्मन कुणाकडेही न बघता खुर्चीत टेकला आणि वाचू लागला.

ब्रोखाने मान वळवली. शुभदाने चमचा पुढे केला. तिने तोंड उघडलं. मग आणखी एक चमचा गेला, आणि शुभदाचा जीव भांड्यात पडला.

मध्येच ब्रोखाने हात वर करून काहीतरी ठणकावलं. झल्मन थांबला. त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाली?"

"आई मेल्यावरचं हे वाक्य नको म्हणते. तिथे लेखकाने गप्प बसायचं असतं."

"मनावर घेऊ नका. तिला आता कुठे काय कळतंय."

"तिला कळतं," झल्मन म्हणाला.

ते वाक्य त्याने मनाशी पुन्हा वाचलं. मग हात पुढे केला. शुभदाने खिशातलं बॉलपेन दिलं. छापील पानावरचं ते वाक्य त्याने, यिडिश लिहितात तसं, उजवीकडून डावीकडे नीट रेघ मारून खोडलं आणि परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला. आई मेली, तिथे तो थांबला.

ब्रोखाने मान डोलावली आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.