रॉड धरत नाहीत

आमचा दादा स्वतःला वजनांचा मोठा जाणकार समजतो. घरामागच्या खोलीत एक रॉड आणि चार लोखंडी प्लेटा मांडल्या की माणूस उस्ताद होतो, असा त्याचा समज. मी उचलायला लागले तेव्हा त्याने एकच अट घातली, "प्लेटा मी लावणार. तुला बेरीज जमत नाही." गणितात दोनदा आपटलेला माणूस हे सांगत होता.

गावातल्या वेटलिफ्टिंग क्लबच्या संघात यायला ऐंशी किलो लागत होते आणि तिथले सर त्या संध्याकाळी नावं बंद करणार होते. माझे ऐंशी काही केल्या जमिनीवरून हलत नव्हते. साठ मात्र मी गप्पा मारत उचलायचे. "साठवालीनं संघाची स्वप्नं बघू नयेत," दादा म्हणायचा, तेही आईसमोर. मला रडू यायचं आणि हा निवांत केळं सोलत बसायचा.

त्याच दिवशी दुपारी मी साठ उचलून खाली ठेवले.

"जा, पाणी घेऊन ये. आता माझे ऐंशी," दादा नेहमीसारखा म्हणाला.

बाटली भरलेलीच होती, म्हणून मी तिथेच बसले. स्वारीनं पट्टा आवळला, हातांना पावडर फासली, आरशात दोनदा पाहिलं आणि डोळे वटारून रॉड उचलला. प्लेटांना हातसुद्धा न लावता.

मी उठून पाहिलं. दोन्ही बाजूंना तीस-तीस.

"हे साठ ना?"

"तुझे साठ, माझे ऐंशी. रॉडच वीस किलोचा असतो, बाई."

"मग माझ्या वेळी तो कुठे जातो?"

"मुलींच्या हिशोबात रॉड धरत नाहीत," तो बेधडक म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

म्हणजे माझे न हलणारे ऐंशी शंभर होते. बहीण बरोबरीला येऊ नये म्हणून हा दीडशहाणा इतके महिने मला नापास करत होता. नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्याची किळस आली.

मी त्याच्यासमोरच सरांना फोन लावला. "सर, माझं नाव लिहा. ऐंशी."

"अगं, दादा तर साठ सांगून गेला."

"ते त्याचे सांगितले असतील."

"बरं, उद्या येऊन उचलून दाखव."

दादा खालमानेनं पट्टा सोडत होता. मग म्हणाला, "मी येऊ का सोबत?"

"ये की. प्लेटा लावायला माणूस लागतोच," मी म्हणाले. "आकडा मी सांगेन."