अर्धी टाकी

आमच्या घरात एक रीत होती. ट्रक घेऊन जो परत येईल, त्यानं टाकी काठोकाठ भरूनच चावी खुंटीला लावायची. वडील म्हणत, "रिकाम्या टाकीला आतून घाम फुटतो. ते पाणी डिझेलात उतरतं आणि इंजिनाचा घसा धरतं." वडील गेले, ट्रक माझ्या दोन्ही भावांकडे आला, रीतही आली. थोरला सपाटीवर माल वाहायचा, मग चावी धाकट्याकडे. तो डोंगरापलीकडे जायचा.

त्या हिवाळ्यात जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, या खेपेला टाकी अर्धीच ठेव हं. वर कडाक्याची थंडी पडलीय. आपल्याकडचं डिझेल तिथं मेणासारखं थिजतं. पायथ्याच्या पंपावर थंडीतलं वेगळं मिळतं, ते मी भरून घेईन."

"मला नको शिकवूस. तू रांगत होतास तेव्हा मी गिअर टाकत होतो," थोरला म्हणाला.

पण नेहमीच्या पंपावर तो स्वतः नळी धरून गप्पांत रंगला, आणि ती खट्कन थांबली तेव्हा टाकी तुडुंब होती. घरी येऊन त्यानं मुकाट्यानं चावी खुंटीला लावली. टाकीचा काटा कधीचाच मेलेला. धाकट्याला कळलं ते पायथ्याशी झाकण उघडल्यावर. माल वेळेवर पोचवायचा होता, म्हणून तो तसाच वर निघाला.

चढावर ट्रक खोकला आणि बंद पडला. धाकट्यानं फिल्टर उघडला, तर आत पांढरं मेण. बाही डिझेलनं भिजली. मग पूर्वी वडील करत तसं त्यानं डब्यात चिंध्यांचे बोळे पेटवून टाकी शेकायचं ठरवलं. काडी ओढली, आणि आगीनं आधी बाहीच धरली.

दवाखान्यात थोरला दारातच उभा राहिला. खाटेजवळ यायलाही तयार नाही.

"शिवी तरी दे रे मला," तो म्हणाला.

"हात बरा होऊ दे, मग देतो," धाकटा म्हणाला. "हातवारे केल्याशिवाय मजा नाही. आणि भिजल्या बाहीनं काडी ओढणारा शहाणा मीच ना?"

बाहेर आल्यावर थोरला मला म्हणाला, "पोरी, मला पंपावरच आठवलं होतं गं. आता जास्तीचं डिझेल काढत कोण बसणार, म्हणून गप्प बसलो."

धाकट्याची बोटं आकडलेलीच राहिली. स्टिअरिंग सुटलं. दोन्हीकडच्या खेपा थोरला एकटाच करू लागला, पण टाकी अर्ध्याच्या वर कधी भरेना. हिवाळा सरला तरी नाही. रोज सकाळी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तो साठलेलं पाणी बरणीत काढायचा आणि बघत बसायचा. ट्रक उचक्या देऊ लागला.

"ट्रकला उपास धरायला लावलाय का, दादा?" पंपवाला चिडवायचा. थोरला हसायचा नाही.

"अरे, वडिलांचं इंजिन मारशील," मी म्हटलं.

"माझ्या हातानं आता नाही भरवत."

मग एकदा भर उन्हाळ्यात ट्रक दारातच अडला. बरणीभर पाणी काढलं तेव्हा कुठं सुरू झाला. धाकटा घरातून आला आणि शेजारच्या सीटवर चढून बसला. आग लागल्यापासून पहिल्यांदाच. "चल पंपावर. ताई, तुला बाजारात सोडतो, बस."

पंपावर थोरला सवयीनं म्हणाला, "अर्धी."

धाकट्यानं पंपवाल्याच्या हातून नळी घेतली, आकडलेल्या बोटांत ती नीट बसेना म्हणून दुसरा हात खाली लावला. "उन्हाळा आहे, दादा."

"राहू दे रे."

"पायथ्याला भरलेली टाकी बघितली होती मी. तिथून मागं फिरता आलं असतं मला. नाही फिरलो. ते तू का वाहतोस?"

नळी खट्कन थांबली. थोरला दचकला. त्यानं झाकण लावलं, पुन्हा काढून आत पाहिलं, पुन्हा लावलं. टाकीवर ओघळलेलं डिझेल फडक्यानं कितीतरी वेळ पुसत राहिला.

पुढं ट्रक चांगला चालला. टाकी भरायची असली की थोरला धाकट्याला घरातून हाक मारून न्यायचा. नळीला त्यानं स्वतः मात्र पुन्हा कधी हात लावला नाही.